झाडाला पळता येत नाही

कोरोनाच्या साथीत, म्हणजे २०२० साली, आपल्या घराघरात एक शब्द शिरला आणि तो कायमचा राहिला. तो शब्द म्हणजे प्रतिकारशक्ती. शाळेचे तोंड न पाहिलेली माझी सासूसुद्धा तो बोलू लागली. सकाळी काढा, संध्याकाळी काढा, दुकानात ताकदीच्या गोळ्या. कोणाच्या अंगात किती शक्ती आहे याचे माप जणू बाटलीवर छापलेले होते. भगिनींनो, आज मला प्रतिकारशक्तीविषयीच लिहायचे आहे, परंतु माणसाच्या नव्हे, झाडाच्या. माझ्या माहेरच्या घराचे सगळे गणित गेली काही वर्षे त्या एकाच गोष्टीवर चालले आहे.

आम्ही भिवंडीजवळ शेलारला राहतो. नदीनाक्यावरून वाडा रस्त्याला लागले की आमचे गाव. माझे यजमान सायझिंगमध्ये कामाला आहेत. रात्रंदिवस यंत्रमागाची खटखट. तिथे बागबगीच्याची गोष्ट करणे म्हणजे चेष्टाच वाटेल. पण शेलारमध्ये, भिवंडीत, गोडाऊनमध्ये राबणारी आपली कितीतरी माणसे कोरडवाहू गावांतून आलेली आहेत. गाव सुटले तरी गावचा पाऊस आपल्याला सुटत नाही. तिकडे पीक गेले की इकडे खोलीत एक पाहुणा वाढतो.

माझे माहेर सोलापूर जिल्ह्यात, सांगोला तालुक्यात. आईवडील रोजगार हमीच्या कामावर खडी फोडायला जात. १९९० साली सरकारने रोजगार हमीला जोडून फळबाग लागवडीची योजना काढली आणि आमच्या भागातल्या माळरानावर बोर, डाळिंब दिसू लागले. कमी पाण्यात तग धरणारे पीक म्हणून डाळिंबाने तालुक्याचे रूप बदलले. माझ्या धाकट्या भावाकडे दीड एकर मुरमाड जमीन आहे. त्याने २०१६ साली तिच्यात भगवा जातीची डाळिंबे लावली. ठिबकसाठी सोसायटीचे कर्ज काढले, भावजयीने कानातले मोडले. थोरली पोर तेव्हा शाळेत होती. "ही बाग हिला शिकवील," असे भाऊ म्हणायचा.

पहिले पीक बरे आले. २०१९ साली मृग बहार धरला होता. म्हणजे पावसाच्या तोंडावर फुले घ्यायची आणि थंडीत फळ काढायचे. त्या वर्षी पाऊस दिवाळी होऊन गेली तरी हटला नाही. भावजयीला आधी पानावर तेलाचा थेंब सांडल्यासारखे डाग दिसले. मग तसेच डाग फळावर आले, काळे पडले आणि त्या डागांतून फळ तडकू लागले. हाच तेल्या. फळ आतून लाल, गोड, सगळे तसेच. पण सालीवर तेल्याची तडक असली की व्यापारी हात लावत नाही. भावाचा फोन आला. "जयभीम आक्का. बागंचं काय खरं न्हाय. दाजींना इचार, गोडाऊनला हमालीचं काम लागंल का म्हणावं." दीडशे किलोमीटरची नव्हे, त्याहून कितीतरी लांबची गोष्ट एका क्षणात माझ्या दाराशी आली.

तेल्या हा जीवाणूचा रोग आहे. झँथोमोनास नावाचा हा सूक्ष्म जीव. आपल्या देशात डाळिंबावर त्याची पहिली नोंद १९५२ साली दिल्लीला झाली. पुढे पन्नास वर्षे त्याने फारसा त्रास दिला नाही. नवे शतक लागल्यावर मात्र महाराष्ट्र आणि कर्नाटकात त्याने बागाच्या बागा बसवल्या. २००५ साली सोलापूरजवळ केगावला खास डाळिंबासाठी राष्ट्रीय संशोधन केंद्र निघाले. भगवा हीच जात सगळ्यांनी लावलेली, कारण बाजारात तिलाच मागणी. पण भगव्याची रोपे बी टाकून करत नाहीत, फांदीला गुटी बांधून करतात. म्हणजे एका झाडाच्या हजारो नकला. एका झाडाला जो रोग सोसत नाही तो रांगेतल्या कोणालाच सोसत नाही. भावाने ज्या रोपवाटिकेतून रोपे आणली तिने आईझाडे निरोगी असल्याचे सांगितले होते. पण हा जीवाणू रोपात लपून येऊ शकतो आणि दमट हवा मिळेपर्यंत तोंड दाखवत नाही. आता कोणाला जाब विचारायचा?

माझी भाची पुढे कृषी शिक्षणाला गेली. बापाच्या बागेनेच तिला तिकडे ढकलले असे मला वाटते. सुट्टीत ती शेलारला आली की मी तिला प्रश्न विचारून भंडावते. मी एकदा विचारले, "माणसाला लस टोचतात तशी झाडाला टोचता येत नाही का?" ती हसली नाही. म्हणाली, "आत्या, माणसाच्या रक्तात पहारेकरी फिरत असतात. झाडाला रक्त नाही. त्याच्या प्रत्येक पेशीला आपापला पहारा द्यावा लागतो."

मला ते लगेच पटले. आपल्या चाळीत वॉचमन नसतो; ज्याची त्याची कडी, ज्याचा त्याचा कान. झाडाचे तसेच आहे. आणि रोग आला म्हणून त्याला पळता येत नाही. उभ्या जागी सोसायचे किंवा लढायचे.

आता हा जीवाणू आत शिरतो कोठून? पानाला श्वास घेण्यासाठी बारीक छिद्रे असतात, त्यांतून. नाहीतर जखमेतून. डाळिंबाला काटे असतात. वारा सुटला की त्याचेच काटे त्याच्याच फळाला ओरखडतात. गारा पडतात, किडे टोचतात, छाटणीच्या सिकेटरची जखम होते. पावसाचा थेंब रोगट पानावर आपटून शेजारच्या फांदीवर उडतो आणि जीवाणूला फुकटात गाडी मिळते.

पण झाड झोपलेले नसते. जीवाणूला पोहायला एक बारीक शेपटी असते. पेशीच्या बाहेरच्या अंगावर तिला ओळखणारे जणू हात असतात. २००० साली मोहरीच्या कुळातल्या एका लहान रोपात शास्त्रज्ञांना हा ओळखणारा हात सापडला. पुढे २००६ साली असे दिसले की जीवाणूची चाहूल लागताच पान आपली छिद्रे मिटून घेते. परका आला की आपण दार लोटतो, तसेच. आत लगेच धावपळ सुरू होते. पेशीत कॅल्शियम शिरते, काही मिनिटांतच हायड्रोजन पेरॉक्साइड तयार होते (कंपाउंडर जखमेवर ओततो आणि फेस येतो, तेच), आणि पेशीची भिंत आतून लिंपून जाड केली जाते. कधी एखादी पेशी शत्रूला पुरती ओळखते तेव्हा ती स्वतः मरून जाते आणि तिच्या आजूबाजूच्याही मरतात. मेलेल्या पेशीत या जीवाणूला खायला मिळत नाही, म्हणून रोग तेथेच कोंडला जातो. पानावरचा प्रत्येक वाळका ठिपका रोगाचा विजय नसतो. काही ठिपके झाडाने मुद्दाम जाळलेल्या जागा असतात.

यापुढचे ऐकून मला सर्वांत नवल वाटले. एका पानावर हल्ला झाला की ते बाकीच्या झाडाला निरोप धाडते. त्या निरोपात सॅलिसिलिक आम्लाचे काम मोठे असते. आपण डोकेदुखीवर घेतो ती अॅस्पिरिनची गोळी त्याचीच धाकटी बहीण. १९७९ साली इंग्लंडमध्ये एका संशोधकाने तंबाखूच्या पानांत अॅस्पिरिन टोचून पाहिले, तर ते रोप विषाणूच्या रोगाला आधीपेक्षा चांगले तोंड देऊ लागले. झाड स्वतःच असा पदार्थ निरोपासाठी वापरते हे त्यानंतर दहाएक वर्षांनी कळले. निरोप पोहोचलेली पाने काही दिवस, कधी काही आठवडे सावध राहतात. लस नव्हे, पण लसीच्या गावाकडची गोष्ट.

मग एवढे सगळे असताना बाग बसते कशी? कारण समोरचाही अडाणी नाही. या जीवाणूजवळ सुईसारखे नळकांडे असते. ते पेशीला लावून तो आपली प्रथिने आत सोडतो आणि झाडाच्या धोक्याच्या घंटेची तारच कापतो. लिंबाच्या खैऱ्या रोगात तर याहून धूर्त प्रकार आहे. तेथला जीवाणू झाडाच्याच एका जनुकाचे बटण दाबतो. त्यामुळे पानाच्या पेशी फुगतात, फुटतात आणि खडबडीत खपली तयार होते. त्या फुटीतून जीवाणू बाहेर पडून पुढच्या पानावर जातो. हे नेमके कोणते जनुक ते २०१४ साली अमेरिकेत सिद्ध झाले. त्याच अमेरिकेत, फ्लोरिडात, १९९५ पासून दहा वर्षे खैऱ्या हटवण्यासाठी सरकारने एक कोटीहून जास्त झाडे तोडली. लोकांच्या अंगणातलीसुद्धा. कोर्टकचेऱ्या झाल्या. वादळांनी रोग इतका पसरला की शेवटी २००६ साली तो नाद सोडावा लागला. एवढा पैसेवाला देश, पण वाऱ्यापावसापुढे हात टेकले.

खैऱ्याचे सांगण्याचे कारण, तो माझ्या दारात आहे. खोलीबाहेर निळ्या पिंपात मी कागदी लिंबू लावले आहे. एका पावसाळ्यात त्याच्या पानांवर तपकिरी खपल्या उठल्या, भोवती पिवळे कडे. काही पानांवर चांदीच्या रेघोट्याही होत्या. सासूबाई म्हणाल्या, नजर लागली. मला हसू आले. ज्या लिंबाला मिरच्यांबरोबर दुकानाच्या दारात टांगून लोक नजर उतरवतात, त्या लिंबालाच नजर लागत असेल तर टांगण्याचा उपयोग तरी काय? मी फोटो काढून भाचीला पाठवला. तिचे उत्तर आले, "आत्या, खपली म्हणजे खैऱ्या. चांदीची रेघ म्हणजे नागअळी. अळी पान पोखरते, त्या जखमेतून खैऱ्या घुसतो. वरून नळीने पाणी मारू नकोस, बुडाशी दे. फार खपल्या असलेल्या काड्या काप, कात्री धू. लिंबे खायला चालतात, माणसाला काही होत नाही." कागदी लिंबू खैऱ्याला अतिशय हळवे असते, तेव्हा रोग पूर्ण गेला असे मी म्हणणार नाही. पण झाड उभे आहे आणि वरणावर पिळायला लिंबू मिळते.

आता मुख्य गोष्टीकडे येते. माझ्या मनात एक शंका होती. झाडाजवळ इतकी हत्यारे आहेत, तर ते ती सदासर्वकाळ उपसून का ठेवत नाही? रोग आल्यावर धावपळ करण्यापेक्षा कायम तयार राहिले तर? याचे उत्तर मला फार महत्त्वाचे वाटते. प्रयोगशाळेत अशी रोपे आहेत की ज्यांची प्रतिकारशक्ती चोवीस तास चालू राहते. ती रोगाला सहज बळी पडत नाहीत, पण ती खुजी राहतात. पाने आखडतात, बी कमी धरते. का? तर लढायलाही अन्न लागते. पानाने उन्हात जे कमावले त्यातूनच वाढ, त्यातूनच फूल-फळ, आणि त्यातूनच लढाई. पगार एकच आणि वाटेकरी तीन. म्हणून झाडाने आपल्या शक्तीला लगाम ठेवले आहेत. गरज पडली की लगाम सैल, धोका सरला की पुन्हा ताणलेला. आणखी एक अडचण आहे. पान कुरतडणाऱ्या अळीविरुद्ध झाड वेगळाच निरोप वापरतो, जास्मोनिक आम्लाचा. आणि हे दोन निरोप बहुधा एकमेकांना दाबतात. अळीशी लढताना जीवाणूकडे पाठ होते. शिवाय उष्णतेनेही फरक पडतो. २०२२ साली त्याच मोहरीच्या कुळातल्या रोपावर असे दाखवले गेले की हवा तापली की सॅलिसिलिक आम्ल तयार होण्याचे काम मंदावते. डाळिंबाचा कारभार नेमका तसाच असेल असे नाही, पण आमच्या सांगोल्याच्या उन्हाची आठवण झाल्यावाचून राहिली नाही.

हे समजल्यावर भावाच्या बागेकडे मी निराळ्या नजरेने पाहू लागले. बहार धरणे म्हणजे काय, तर झाडाचे पाणी तोडायचे, पाने गाळायची, आणि मग पाणी-खत देऊन त्याला एकदम फुलायला लावायचे. झाड साठवलेली सगळी शिदोरी फुलांवर उधळते. फळ काढल्यावर त्याला तीन-चार महिने विश्रांती हवी असते. पण कर्जाचा हप्ता विश्रांती घेत नाही. कोवळ्या झाडावर दीडशे-दीडशे फळे ठेवायची, वाढ दिसावी म्हणून युरिया टाकायचा, लुसलुशीत फुटवा आला की खूष व्हायचे. तो लुसलुशीत फुटवाच जीवाणूचे आवडते जेवण. मी भावाला दोष देत नाही. ज्याच्या डोक्यावर सोसायटीची नोटीस आहे त्याला झाडाच्या दमण्याची गोष्ट सांगणे सोपे नाही. आपल्या घरातला कर्ता माणूस दोन पाळ्या करतो तेव्हा त्याला तरी कोण थांबवते? मग साधा ताप येतो आणि महिनाभर उठत नाही.

तेल्या आल्यावर गावात मोटारसायकलवरून बाटल्या विकणारे आले. प्रत्येक बाटली झाडाची प्रतिकारशक्ती वाढवणारी. भावाने दोन हंगाम त्या घेतल्या. बाटलीत काय आहे हे धड लिहिलेलेही नसे. भाचीचे आणि त्याचे यावरून खडाजंगी भांडण झाले. ती म्हणाली, "आबा, शक्ती बाटलीतनं येत नाही. झाडात आहे ती. आपण ती खर्चून टाकतोय." त्यावर भाऊ दोन दिवस तिच्याशी बोलला नाही. तिने सगळीच फवारणी वाईट ठरवली असे मात्र नाही. मोरचूद आणि चुन्याचे बोर्डो मिश्रण जुने आणि स्वस्त आहे. ते जीवाणूला बाहेरच थोपवते. सॅलिसिलिक आम्लाची हलकी फवारणीही डाळिंबासाठी सांगितली जाते, झाडाला आधीच सावध करण्यासाठी. पण ती मापात आणि वेळेवर. कायम घंटा वाजवत ठेवली तर काय होते ते वर लिहिलेच आहे.

शेवटी घरात बसून निर्णय झाला. ज्या झाडांच्या खोडावर, फांदीच्या पेरांवर रोग उतरला होता आणि फांद्या पेरात मोडत होत्या, ती अर्धी बाग काढून जाळली. त्या दिवशी भावजय जेवली नाही. उरलेल्या झाडांना एक पूर्ण बहार सोडून दिला. त्या वर्षी घरात डाळिंबाचा एक रुपया आला नाही. भावजय दुसऱ्याच्या रानात खुरपायला गेली, भाऊ चार महिने भिवंडीला आमच्याकडे राहून गोडाऊनला माल उतरवायला गेला. दहा बाय बाराच्या खोलीत आम्ही सहा माणसे होतो, पण कोणी तोंड वाकडे केले नाही. भाचीच्या फीसाठी यजमानांनी सायझिंगमध्ये उचल घेतली.

मृग बहार त्यांनी कायमचा सोडला. आता हस्त बहार धरतात. पाऊस सरत आला की छाटणी, थंडीत फळ वाढते, हवा कोरडी असते, आणि जीवाणूला उड्या मारायला थेंब मिळत नाहीत. पाणी जपून ठेवावे लागते, कारण फळ उन्हाळ्याच्या तोंडावर येते. बोअर आटला तर पंचाईत. प्रत्येक संकटाला दुसरे संकट बांधलेलेच असते. झाडावर फळे मोजून ठेवतात. खाली पडलेले एक पान राहू देत नाहीत, कारण वाळक्या पानातही हा जीवाणू महिनोन्महिने जिवंत राहतो. छाटणीला येणाऱ्या बायकांनाही भावजय सांगते, एक झाड झाले की सिकेटर औषधाच्या बादलीत बुडवा, मगच दुसरे. आधी बायका कुरकुरल्या, काम रेंगाळते म्हणून. पण बाग गेली तर त्यांचाही रोज जातो, हे त्यांना कोणी सांगावे लागले नाही. गेल्या काही वर्षांत गावातल्या कितीतरी बागा निघाल्या, त्याबरोबर त्यांची छाटणीची, फळतोडीची मजुरीही गेली.

तेल्या अजून आहे. दर पावसात दहा-पंधरा झाडांवर डाग दिसतात. भाची म्हणते, तो जायचाच असेल तर नवी जात आल्यावर जाईल. हिमाचल, उत्तराखंडच्या डोंगरांत 'दारू' नावाचे जंगली डाळिंब होते. फळ लहान आणि आंबट, त्याचे दाणे वाळवून अनारदाणा करतात. तेल्या सोसण्याची ताकद त्याच्यात आपल्या बागेतल्या डाळिंबापेक्षा जास्त आढळली आहे. ती ताकद भगव्याच्या गोडीत उतरवायची, तर संकर करा, रोपे वाढवा, फळ येईपर्यंत थांबा, चाखा, पुन्हा संकर करा. वर्षानुवर्षांचे काम. "आत्या, त्या आंबट डाळिंबाला आजवर कोणी बाजारात विचारलं नाही," ती म्हणाली, "पण आता सगळे त्याच्याच दारात उभे आहेत." हे म्हणताना ती माझ्या पिंपातल्या लिंबाची खपलीवाली काडी कापत होती. कापून झाल्यावर तिने कात्री डेटॉलच्या पाण्यात बुडवली आणि मला म्हणाली, की ही आता भाजीला वापरू नकोस, दुसरी घे.